देगाची ‘मिस ला ला’ रंगवताना आकृती चिकटवल्यासारखी का दिसते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच चित्रकार एदगार देगा यांच्या ‘सर्क फर्नांदोमधील मिस ला ला’ या चित्राची अभ्यासप्रत आपण तैलरंगात करत आहात. कॅनव्हास ३० × २४ इंचांचा आहे आणि तो बसावा म्हणून मूळ चित्रातला खालचा मोकळा भाग आपण थोडा कमी केला आहे. दातांत दोरी धरून सर्कशीच्या छताकडे ओढली जाणारी ती कसरतपटू आपल्या चित्रात हवेत लटकलेली वाटत नाही, कात्रण चिकटवल्यासारखी वाटते. शिवाय मागची नारिंगी भिंत तिला गिळून टाकते. फटकारे अधिक मोकळे केले, म्हणजे चित्र अधिक ‘इम्प्रेशनिस्ट’ (क्षणाचा उजेड मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणाऱ्या फ्रेंच चित्रकारांच्या शैलीचे) झाले, तर हे सुधारेल का, असे आपण विचारले आहे.

फटकारे मोकळे केल्याने हे सुधारणार नाही. मी गेली अनेक वर्षे मानवाकृतीचे रेखाटन शिकवतो आणि याच चित्राची अभ्यासप्रत मी स्वतः दोनदा केली आहे. पहिल्या वेळी माझ्या कॅनव्हासवरही नेमके हेच झाले होते, आणि मीही महिनाभर रंगांशीच झगडत बसलो होतो. अडचण रंगाची नव्हती. पाहणाऱ्याचा डोळा कुठे आहे आणि त्या शरीराचे वजन कुठून कुठे जाते, या दोन गोष्टी कोळशाच्या रेखाटनातच ठरल्या नव्हत्या. त्या ठरल्याशिवाय वर चढवलेला प्रत्येक रंग चुकीच्या जागी बसतो.

सर्वांत आधी कॅनव्हासविषयी, कारण ती चूक सहज दुरुस्त होणारी आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले मूळ चित्र ११७.२ × ७७.५ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे उंची रुंदीच्या साधारण दीडपट. आपल्या कॅनव्हासची उंची रुंदीच्या फक्त सव्वापट आहे. २४ इंच रुंदीला ३६ इंचांहून थोडी अधिक उंची हवी होती, ती आपण सहा इंचांनी कापली आणि तीही नेमकी तिच्या पायांखालून. त्या भागात जमीन नाही, प्रेक्षक नाहीत, रिंगण नाही, फक्त भिंत आहे. काहीच नाही असे वाटून तो भाग कापण्याचा मोह होतो, पण ती बाई किती उंचावर आहे हे आपल्याला त्याच भागातून कळते. तो गेला की तिच्या पायांना चित्राची खालची कड जवळ येते, डोळा त्या कडेला जमीन समजू लागतो, आणि लटकणारी आकृती उडी मारणाऱ्या आकृतीसारखी दिसू लागते. ३६ × २४ इंचांचा तयार कॅनव्हास बाजारात सहज मिळतो. शक्य असेल तर तो घ्या. शक्य नसेल तर याच मापाच्या दुसऱ्या कोऱ्या कॅनव्हासवर दोन्ही बाजूंनी पट्टी सोडून २० इंच रुंदीत चित्र बसवा, म्हणजे ३० इंच उंची त्याला बरोबर पुरेल.

आता डोळ्याविषयी. सर्क फर्नांदो ही पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी, रोशशुआर बुलेव्हार या रस्त्यावर १८७५ साली उभी राहिलेली कायमस्वरूपी सर्कस होती. १८७९ च्या जानेवारीत देगा तिथे पुन्हा पुन्हा गेले. त्या महिन्याच्या तारखा घातलेली त्यांची रेखाटने आणि पेस्टलमधले अभ्यास आजही वेगवेगळ्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांत केवळ आकृतीचेच नव्हे तर इमारतीच्या छताचेही स्वतंत्र अभ्यास आहेत. हे मला फार महत्त्वाचे वाटते. छताच्या कमानदार फासळ्या किती कललेल्या दिसतात, हे त्यांनी आकृतीइतक्याच गांभीर्याने तपासले, कारण आपण खाली बसून मान वर करून पाहत आहोत, हे सांगण्याचे काम चित्रात ते छत करते.

शाळेत आणि कलाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आपण यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकतो, तेव्हा क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीची रेषा, कागदाच्या मध्याजवळ असते आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. ही सवय हातात इतकी मुरते की देगांच्या चित्राची नक्कल करतानाही हात नकळत खांब सरळ करतो. या चित्रात क्षितिजरेषा कॅनव्हासच्या खूप खाली, चित्राबाहेर आहे, त्यामुळे उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. आपल्या रेखाटनावर पट्टी ठेवून पाहा. भिंतीच्या उभ्या रेषा कॅनव्हासच्या कडेला समांतर आल्या असतील, तर आपले छत समोरून पाहिलेले आणि आपली आकृती खालून पाहिलेली, अशी दोन वेगळ्या डोळ्यांची दोन चित्रे एकाच कॅनव्हासवर आली आहेत. चिकटवल्यासारखे दिसण्याचे हे पहिले कारण आहे, आणि माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा तेच असते.

आकृतीही खालूनच पाहिलेली हवी. हनुवटीची खालची बाजू, मांड्यांची मागची व खालची बाजू आणि बुटांचे तळ दिसतात. पाय आपल्याला जवळ आणि डोके दूर असल्याने पायांची मापे अपेक्षेपेक्षा मोठी येतात. ‘साडेसात डोक्यांचे शरीर’ (शरीराची उंची डोक्याच्या उंचीच्या साडेसातपट) हे प्रमाण इथे बाजूला ठेवावे लागते. हे डोळ्याला पटवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना दोरीच्या मल्लखांबाच्या सरावाला घेऊन जातो. अठरा-वीस फुटांच्या दोरीवर मुली वर चढून अढी घालतात, तेव्हा दोरीपासून चार पावलांवर जमिनीवर बसायचे आणि मान वर करून दहा-दहा सेकंदांची रेखाटने करायची. पहिल्या तासाला सर्वांचे कागद चुकीचे असतात, कारण प्रत्येकजण दिसते ते न काढता ठाऊक असलेले शरीर काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी टाचेच्या मागे जवळजवळ सगळी पोटरी लपलेली काढतो, आणि तिथून गाडी रुळावर येते. फोनने काढलेल्या छायाचित्रावरून हे शिकू नका. जवळून फोन वर करून काढलेल्या छायाचित्रात भिंग पायांचा आकार अवाजवी वाढवते आणि ती विकृती आपण यथार्थदर्शन समजून बसतो.

मात्र मल्लखांबाचा उपयोग इथपर्यंतच आहे. दोरीच्या मल्लखांबात शरीराने दोरीला अनेक ठिकाणी धरलेले असते, अंगठ्याच्या बेचक्यात, मांडीत, काखेत, आणि शरीराखालीही दोरी लोंबत असते. मिस ला ला मात्र फक्त एका बिंदूवर लटकली आहे, आणि तो बिंदू तिचे तोंड आहे. दोरी तिथेच संपते. चित्राचा सगळा ताण या एका गोष्टीत आहे, म्हणून त्यावर मी थोडे अधिक लिहितो.

एका बिंदूवर टांगलेली कोणतीही वस्तू स्थिर झाली की तिचा गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या बरोबर खाली येतो. गवंड्याचा ओळंबा याच नियमावर चालतो. म्हणजे तिच्या तोंडापासून खाली ओळंबा सोडला, तर शरीराचे वजन त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटले गेले पाहिजे. तिचे गुडघे वाकलेले आहेत आणि पावले मागे गेली आहेत. पाय मागे गेले की वजन मागे गेले, मग समतोलासाठी छाती आणि कंबर पुढे यावीच लागते. ही गोष्ट तिने ‘पोझ’ म्हणून केलेली नाही, ती शरीराला भागच आहे. आपण पाय मूळ चित्रात पाहून मागे घेतले असतील, पण धड सरळ ठेवले असेल, तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येणार नाही, पण ही बाई इथे टिकू शकत नाही हे त्याच्या डोळ्याला लगेच जाणवेल.

हे घरी करून पाहता येते. चित्रकारांकडे सांध्यांची लाकडी बाहुली असते. तिच्या डोक्याच्या पुढच्या बाजूला, तोंडाच्या जागी, छोटा खिळा ठोकून जाड दोरा बांधा आणि ती पंख्याच्या हुकाला किंवा दाराच्या चौकटीला टांगा. आता तिचे गुडघे मागे वाकवा आणि सोडून द्या. ती क्षणभर झुलेल आणि मग आपल्या हाताशिवाय, स्वतःच, छाती पुढे काढून थांबेल. एक हात बाजूला पसरा, ती किंचित त्या अंगाला कलेल. दुसरा हात पसरा, पुन्हा सावरेल. मी हे पहिल्यांदा केले, तेव्हा माझ्या कोळशाच्या रेखाटनातल्या तीन चुका पाच मिनिटांत दिसल्या, ज्या महिनाभर मूळ चित्राच्या छापील प्रतीकडे पाहून दिसल्या नव्हत्या. बाहुली टांगलेली ठेवूनच जमिनीवर बसा आणि खालून तिची आठ-दहा रेखाटने करा. त्यानंतर कॅनव्हासकडे जा.

कॅनव्हासवर मी सर्वप्रथम दोरी काढतो. आपण बहुधा ती शेवटी, पातळ कुंचल्याने ओढणार असाल. बहुतेकजण तसेच करतात आणि म्हणून ती दोरी सजावटीसारखी दिसते. पूर्ण माणसाचे वजन पेलणारी दोरी ताठ असते, तिच्यात हाताची थरथर चालत नाही. ती पट्टीने आखली तरी चालेल, नंतर रंगाने तिची कड मऊ करता येते. त्या रेषेच्या खालच्या टोकाला तोंड, तोंडामुळे मागे पडलेली मान, मानेमुळे वर ओढला गेलेला छातीचा पिंजरा, त्याखाली आत गेलेले पोट, आणि मग सैल सोडलेले पाय, या क्रमाने आकृती रचा. म्हणजे आकृती दोरीला बांधून पूर्ण होईल. उलट क्रमाने केलेत तर आधी आकृती आणि मग तिला जोडलेली दोरी असे होते, आणि डोळा तो जोड पकडतो. देगांनी दोरी कुठे अडकवली आहे हे दाखवलेले नाही, ती वर निघून जाते. आपणही तिथे कप्पी किंवा गाठ काढून खुलासा करू नका.

चेहऱ्याविषयी आपण लिहिले नाही, पण आपल्या वर्णनावरून मला शंका आहे की आपण तो थोडा आपल्याकडे वळवला असावा. डोके मागे पडल्यामुळे मूळ चित्रात तिचा चेहरा नीट ‘भेटत’ नाही, आणि ते तसेच हवे. ओळखू येणारा चेहरा काढला की पाहणाऱ्याची नजर तिथे जाऊन थांबते आणि वजनावरून उडते.

त्वचेच्या रंगाबाबत मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. ‘मिस ला ला’ ही कल्पनेतली व्यक्ती नव्हती. तिचे नाव ॲना अल्बर्टीन ओल्गा ब्राउन. १८५८ साली तेव्हाच्या प्रशियातल्या, आणि आता पोलंडमध्ये असलेल्या श्टेटिन शहरात तिचा जन्म झाला. तिचे वडील कृष्णवर्णीय होते आणि आई गोरी होती. देगांनी तिला पाहिले तेव्हा ती विशीची होती आणि तिच्या ताकदीचा पॅरिसमध्ये बोलबाला होता. झोक्याला उलटे लटकून दातांत धरलेल्या साखळीने ती तोफ पेलत असे आणि ती तोफ तशीच डागली जात असे. अशा स्त्रीच्या त्वचेसाठी ट्यूबमधला तयार ‘फ्लेश टिंट’ वापरला, तर रंगही चुकतो आणि माणूसही चुकतो. मी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) यांपासून सुरुवात करतो, आणि उजेड पडलेल्या ठिकाणी पांढरा फार जपून घालतो. सावलीतल्या भागात भिंतीचाच नारिंगी रंग परावर्तित झालेला दाखवला की त्वचा आणि हवा एकत्र येतात. हे माझे मिश्रण आहे, देगांचे म्हणून घेऊ नका, आपल्या प्रकाशात ते बदलावे लागेल.

नारिंगी भिंत आकृतीला गिळते, ही तक्रार अगदी खरी आहे. तिचे कारण बहुतेक वेळा रंग नसतो, छायाभेद, म्हणजे उजळ-गडद छटांतला फरक, असतो. आपल्या चित्राचे छायाचित्र काढून ते फोनमध्ये कृष्णधवल करा. भिंत आणि पोशाख एकाच करड्या छटेचे दिसले, तर भिंत जास्त उजळ झाली आहे. ट्यूबमधला कॅडमियम ऑरेंज पांढऱ्यात मिसळला की तो पुढे उडी मारतो. त्याऐवजी ऑकर आणि लाइट रेड (विटकरी तांबडा) यांचा मधल्या छटेचा थर आधी पातळ लावा, तो वाळू द्या, आणि मग त्यावर कॅडमियम ऑरेंज अगदी कमी, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने घासून लावा. खालचा थर मधून दिसत राहिल्याने भिंत भिंतीच्या जागी राहते. छताच्या हिरव्याला थोडा तांबडा घालून दाबा, कारण शुद्ध हिरवा शुद्ध नारिंगीशेजारी आला की दोघेही थरथरतात आणि आकृती मधल्यामध्ये हरवते. सर्वांत उजळ छटा फक्त तिच्या फिकट पोशाखावर आणि त्याच्या सोनेरी कडांवर राखून ठेवा, तीही सर्वत्र नको, जिथे उजेड थेट पडतो तिथेच.

आता ‘इम्प्रेशनिस्ट’ या शब्दाकडे येतो. हे चित्र १८७९ च्या चौथ्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात होते आणि त्या गटाच्या आठपैकी सात प्रदर्शनांत देगा सहभागी होते, हे खरे. पण त्याच गटातले चित्रकार मोने यांच्याप्रमाणे उघड्यावर, डोळ्यांसमोरच्या उजेडात एका बैठकीत रंगवणे ही त्यांची रीत नव्हती. ते पाहून येत, रेखाटत, पुन्हा पाहत आणि स्टुडिओत रचत. म्हणून या चित्राची अभ्यासप्रत झपाट्याने, मोकळ्या फटकाऱ्यांनी करणे म्हणजे दुसऱ्याच चित्रकाराची रीत त्यावर लादणे आहे.

तुलनेसाठी त्याच वर्षी त्याच गटातले चित्रकार रन्वार यांनी त्याच सर्कशीतल्या दोन मुलींचे, फ्रान्सिस्का आणि अँजेलिना वार्टेनबर्ग या बहिणींचे, रंगवलेले चित्र शेजारी ठेवून पाहा. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. खेळ संपला आहे, प्रेक्षकांनी बक्षीस म्हणून टाकलेली संत्री एकीच्या हातात आहेत, आणि मुली रिंगणाच्या जमिनीवर उभ्या आहेत. ती फिकट जमीन कॅनव्हासचा मोठा भाग व्यापते. रन्वार यांनी ते स्टुडिओत, दिवसाच्या उजेडात रंगवले. तिथे मऊ फटकारा शोभतो, कारण पायांखाली जमीन आहे आणि वजनाचा प्रश्नच नाही. एकच सर्कस, एकच वर्ष, आणि एका चित्रात जमीन भरपूर तर दुसऱ्यात अजिबात नाही. मला वाटते, ‘इम्प्रेशनिस्ट शैली’ म्हणून एकच कृती शोधणाऱ्या प्रत्येकाने ही दोन चित्रे तासभर समोर ठेवावीत.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपण कोणत्या प्रतीवरून काम करता, हे मला ठाऊक नाही. छापील प्रतींत याच चित्राचा नारिंगी कुठे विटकरी तर कुठे जवळजवळ पिवळा येतो, म्हणून संग्रहालयाने स्वतः प्रसिद्ध केलेली मोठी प्रतिमा प्रमाण माना. खोलीत पिवळा दिवा असेल, तर रात्री मिसळलेला नारिंगी सकाळी कच्चा दिसेल, तेव्हा भिंतीचे काम दिवसाच करा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात थर वाळायला दुप्पट वेळ धरा, खालचा थर ओला असताना कोरडा कुंचला घासला तर चिखल होतो. आणि उद्देश केवळ शिकण्याचा असेल, तर संपूर्ण प्रत करायलाच हवी असे नाही. दोरी, आकृती आणि छताच्या दोन फासळ्या, एवढेच कोळशात पूर्ण आकारात केले तरी या चित्रातून शिकण्यासारखे बरेचसे हाती लागते.

सध्याचा कॅनव्हास पुढे नेऊ नका. तो भिंतीकडे तोंड करून ठेवा, त्यावर आणखी थर चढवल्याने काही निघणार नाही. नव्या कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा पातळ हात द्या, तो वाळल्यावर चौकटी आखून प्रथम छताच्या कललेल्या रेषा, मग दोरी, मग टांगलेल्या बाहुलीवरून तपासलेली आकृती कोळशात घ्या. ते झाले की कॅनव्हास उलटा ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. उलट्या चित्रातही दोरी ताठ आणि शरीर तिच्याशी सलग वाटले, तर कोळसा फिक्सेटिव्हने पक्का करून रंगाला हात घाला. वाटले नाही, तर बहुतेक वेळा कंबर दीड-दोन बोटे पुढे सरकवावी लागते. त्या टप्प्यावरचे छायाचित्र, टांगलेल्या बाहुलीच्या छायाचित्रासह, आपण इथे दाखवलेत तर ओळंबा कुठे चुकतो ते मी त्यावर रेषा मारून सांगेन.